डॉ. होमी भाभा आणि नवशिक्यांचा संगणक

सोलापूर जिल्ह्यातील करमाळे गावी श्रीकमलाभवानीचे भव्य मंदिर आहे. त्या मंदिराच्या परिसरात ९६ पायऱ्यांची एक प्रशस्त बारव आहे. काठावर उभे राहून पाहणाऱ्यास तिचा तळ फार खोल वाटतो आणि लहान मुलाच्या मनात तर धडकीच भरते. परंतु धीर करून जो पहिली पायरी उतरतो, त्याला दुसरी पायरी जवळची वाटू लागते. दुसरी उतरताच तिसरी सोपी होते. एका उडीत तळ कोणीच गाठीत नाही. कोणत्याही नव्या विद्येची कथा अशीच असते. अवघड असते ती पहिली पायरी. आणि त्या पायरीवर उभ्या असलेल्याला पाठीवरच्या एका विश्वासाच्या हाताची गरज असते.

आज संगणकासमोर प्रथमच बसणाऱ्या मुलाच्या मनात असेच भय असते. चुकीची कळ दाबली गेली तर यंत्र बिघडेल काय, आपण केलेले काम नाहीसे होईल काय, शेजारचा विद्यार्थी आपल्याला हसेल काय, अशा शंकांनी त्याची बोटे कळफलकावर थबकतात. त्या मुलाने एक गोष्ट अवश्य जाणून घ्यावी. एके काळी आपल्या देशात संगणक शिकू पाहणारे सारेच नवशिके होते. त्यांना शिकविण्यास गुरू नव्हते आणि हाताळण्यास यंत्रही नव्हते. म्हणून त्यांनी यंत्रच बांधावयास घेतले. या धाडसाच्या पाठीशी जो थोर पुरुष खंबीरपणे उभा राहिला, त्याचे नाव डॉ. होमी जहांगीर भाभा.

होमीचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुविद्य पारशी कुटुंबात झाला. त्याचे आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्याचे प्रमुख अधिकारी होते, तर वडील जहांगीर हे बॅरिस्टर होते. घरात उत्तमोत्तम ग्रंथांचा संग्रह होता आणि पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिकाही पुष्कळ होत्या. होमीला चित्रकलेचाही नाद होता. त्याला खेळण्यास लोखंडी पट्ट्या, चाके आणि मळसूत्रे यांचा मेकॅनो नावाचा संच मिळत असे. संचाबरोबर आलेल्या पुस्तिकेत कोणती वस्तू कशी जोडावी हे चित्रांसह दाखविलेले असे. पण होमीचे मन त्या चित्रांत फारसे रमत नसे. तो स्वतःच्या कल्पनेने निराळ्याच वस्तू जुळवीत बसे. दुसऱ्याने जोडलेली वस्तू पाहण्यापेक्षा स्वतः जोडून पाहण्यात अधिक ज्ञान असते, हा धडा त्याला खेळता खेळताच मिळाला.

मुंबईत शिक्षण झाल्यावर होमी १९२७ साली इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठात दाखल झाला. त्याने यंत्रशास्त्राचा अभियंता व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा होती. होमीचे मन मात्र गणित आणि पदार्थविज्ञान यांकडे ओढ घेत होते. त्याने आपली तळमळ वडिलांना पत्राने कळविली. वडील विचारी होते. अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्यास पुढे गणित शिकण्यास आपण खर्च देऊ, असे त्यांनी ठरविले. होमीने १९३० साली ती अट पुरी केली, आणि अभियंत्याची पदवी हाती असताना तो पुन्हा एकदा विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसला. १९३२ साली त्याने गणिताची परीक्षाही प्रथम वर्गातच दिली. एका विषयात प्रवीण झालेल्या माणसाने दुसऱ्या विषयात नवशिका होण्यास लाजू नये, हे त्याने आपल्या आचरणाने दाखविले.

पुढे भाभांनी विश्वकिरणांच्या अभ्यासास वाहून घेतले. अंतराळातून प्रचंड वेगाने येणारे हे सूक्ष्म कण वातावरणात शिरले म्हणजे एका कणापासून अनेक आणि त्या अनेकांपासून आणखी अनेक कण कसे निर्माण होतात, याची उपपत्ती भाभा आणि वॉल्टर हाइटलर या दोघांनी १९३७ साली मांडली. त्यामुळे तरुण वयातच भाभांची कीर्ती जगभर पसरली. १९३९ साली ते सुट्टीसाठी मायदेशी आले असताना युरोपात महायुद्ध पेटले आणि केंब्रिजला परतणे अशक्य झाले. तेव्हा ते बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या विभागात काम करू लागले. १९४१ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व देऊन गौरविले.

परदेशात मानाची जागा मिळविणे भाभांना कठीण नव्हते. परंतु स्वदेशात राहिल्यावर त्यांच्या मनात एक विचार बळावत गेला. आपल्या देशातील बुद्धिमान तरुणांना संशोधनासाठी दरवेळी परदेशीच का जावे लागावे? मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची एक संस्था काढण्याची योजना मांडली. अणुशक्तीचा उपयोग वीजनिर्मितीसाठी होऊ लागेल, त्या वेळी भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये. ते तज्ज्ञ येथेच तयार असावेत, असा त्यांचा आशय होता. हिरोशिमावर अणुबाँब पडण्यास तेव्हा अजून वर्षाहून अधिक अवकाश होता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्यांच्या दूरदृष्टीचे नवल वाटते. ट्रस्टने योजना मान्य केली. १९४५ साली बंगळूर येथे टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईस पेडर रोडवरील एका बंगल्यात आली. भाभांचा जन्म त्याच वास्तूत झाला होता.

संस्था उभारताना भाभांची रीत जगावेगळी होती. आधी इमारत, मग पदे आणि शेवटी माणसे, असा पुष्कळ ठिकाणचा क्रम असतो. भाभा आधी माणूस निवडीत आणि मग त्याच्याभोवती काम वाढू देत. निवडलेल्या तरुणावर ते पुरता विश्वास टाकीत आणि त्याला लागणारी साधने मिळवून देण्याचा भार स्वतःच्या शिरावर घेत. या विश्वासाची कसोटी लवकरच लागणार होती.

विज्ञानातील अनेक प्रश्नांसाठी लांबलचक आकडेमोड करावी लागते. त्या काळी ती कागदावर, गणिती कोष्टकांच्या आणि हाताने चालविण्याच्या यंत्रांच्या साहाय्याने करीत. एकेका प्रश्नासाठी महिनेच्या महिने जात. अमेरिकेत आणि इंग्लंडात मात्र विजेच्या स्पंदनांनी चालणारी संगणक यंत्रे तयार झाली होती. १९५४ साली भारतात असे एकही यंत्र नव्हते. मग काय करावे? परदेशातून यंत्र विकत आणावे की येथेच बांधावे? विकत आणणे सोपे होते. पण त्याने यंत्र हाती आले असते, यंत्राची विद्या आली नसती. बांधणे मात्र धोक्याचे होते. वर्षे खर्ची पडली असती, पैसा गेला असता आणि अखेरीस यंत्र चाललेच नसते तर संस्थेचे हसे झाले असते.

भाभांच्या संस्थेने बांधण्याचा मार्ग पत्करला. भाभांच्या निमंत्रणावरून १९५४ साली रंगस्वामी नरसिंहन हे तरुण शास्त्रज्ञ संस्थेत दाखल झाले. अमेरिकेत शिकून आल्यामुळे त्यांना या विषयाची ओळख होती. त्यांच्या हाताखालील तुकडी मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी लहान होती. ती मंडळी पदार्थविज्ञान आणि इलेक्ट्रॉनिकी शिकलेली असली, तरी त्यांपैकी बहुतेकांनी संगणक वापरला तर नव्हताच, पण डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. पोहणे न पाहिलेल्या माणसाने नदी ओलांडण्यास निघावे, तसाच हा प्रकार होता.

पण या तरुणांनी पहिल्याच दिवशी खोल पाण्यात उडी घेतली नाही. त्यांनी प्रथम एक लहान नमुनायंत्र बांधण्याचे ठरविले. चुका होतील त्या लहान यंत्रावर होऊ द्याव्यात, त्या शोधाव्यात, सुधाराव्यात आणि मग मोठ्या यंत्रास हात घालावा, हा त्यांचा विवेक होता. १९५६ साली नमुनायंत्र चालू झाले. त्यानंतर मोठ्या यंत्राची उभारणी सुरू झाली आणि १९६० साली ते रीतसर कामास लागले. १९६२ च्या जानेवारी महिन्यात संस्थेच्या कुलाब्यातील नव्या वास्तूचे उद्घाटन करताना पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्या यंत्राचे नामकरण केले. संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले.

हे यंत्र होते तरी कसे? ते १८ फूट लांब आणि ८ फूट उंच अशा पोलादी सांगाड्यात बसविले होते. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. काचेच्या या नलिका विजेच्या दिव्याप्रमाणे तापत आणि कधी कधी निकामीही होत. तशी एखादी निकामी झाली की सारे गणित संशयास्पद ठरे. यंत्राची स्मृती फेराइट नावाच्या पदार्थाच्या अगदी इवल्या कड्यांची होती. कडीतून ओवलेल्या तारेत वीज सोडली की कडीचे चुंबकत्व एका दिशेस वळे. वीज उलट सोडली की ते दुसऱ्या दिशेस वळे. एक दिशा म्हणजे एक आणि दुसरी दिशा म्हणजे शून्य. टिफ्रॅकच्या स्मृतीत २,०४८ घरे होती आणि प्रत्येक घरात ४० अंक मावत. म्हणजे एकूण ८१,९२० अंकांची ती स्मृती होती. आज भ्रमणध्वनीवर काढलेले एक साधे छायाचित्रदेखील याहून कितीतरी अधिक जागा व्यापते. तरीही एवढ्याशा स्मृतीच्या बळावर त्या यंत्राने शास्त्रज्ञांची मोठमोठी गणिते सोडविली.

आजचा संगणक सुरू केला की त्याच्या अंतरंगात एक अदृश्य कारभारी जागा होतो. त्याला कार्यप्रणाली म्हणतात. कोणती माहिती स्मृतीच्या कोणत्या घरात ठेवावी, कोणते काम आधी करावे आणि कोणते मागून, कळफलकावर काय उमटले, पडद्यावर काय दाखवावे, या साऱ्याची व्यवस्था हा कारभारी पाहतो. म्हणूनच आज लहान मूलही चित्रावर बोट ठेवून काम सुरू करू शकते. टिफ्रॅकमध्ये असा कारभारी नव्हता. त्याच्यापुढे बसणाऱ्या माणसालाच कारभारी व्हावे लागे. प्रत्येक आज्ञा शून्य आणि एक यांच्या भाषेत लिहावयाची, ती कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने उमटवावयाची, कोणती संख्या कोणत्या घरात ठेवली याची नोंद स्वतः ठेवावयाची, आणि मग ती फीत यंत्राला वाचावयास द्यावयाची, असा तो सारा खटाटोप होता.

अशा कामात एखादे छिद्र चुकीच्या जागी पडले तरी उत्तर चुके. यंत्र तर आज्ञाधारक सेवक! आज्ञा चुकीची आहे हे त्याला कळत नसे. सांगितले ते मुकाट्याने करून ते मोकळे होई. मग त्या नवशिक्यांना आपली फीत पुन्हा पहिल्यापासून तपासावी लागे. चूक कोठे झाली याचा शोध घेता घेता त्यांना यंत्राचा स्वभाव समजत गेला. यंत्र रागावत नाही, थट्टा करीत नाही आणि चूक सुधारताच मागचे सारे विसरून नव्याने काम करते, हे त्यांना उमगले. चूक ही नवशिक्याची नामुष्की नसून त्याचे पाठ्यपुस्तकच असते, हे सत्य त्यांनी प्रत्यक्ष अनुभवाने शिकून घेतले.

मात्र या कथेत एक कटू भागही आहे. टिफ्रॅक कामास लागला तेव्हा जग पुढे निघून गेले होते. निर्वात नलिकांच्या जागी ट्रान्झिस्टर नावाचे चिमुकले भाग वापरणारी अधिक वेगवान यंत्रे परदेशांत तयार होऊ लागली होती. कष्टाने उभारलेले यंत्र पूर्ण होते न होते तोच जुने ठरले. १९६४ साली संस्थेने अमेरिकेतील कंट्रोल डेटा या कंपनीचा सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आणला आणि लवकरच टिफ्रॅकला निवृत्त करण्यात आले. मग एवढी वर्षे केलेले परिश्रम व्यर्थ गेले काय? यंत्र विकतच आणावयाचे होते, तर बांधण्याचा खटाटोप कशासाठी केला, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा.

याचे उत्तर यंत्रात शोधावयाचे नाही, माणसांत शोधावयाचे आहे. नवे यंत्र मुंबईस आले तेव्हा त्याच्यापुढे भांबावून उभे राहणारी माणसे संस्थेत नव्हती. ज्यांनी एकेक तार स्वतः जोडली होती आणि एकेक आज्ञा शून्य-एकांत लिहिली होती, त्यांना नव्या यंत्राचे मर्म समजण्यास वेळ लागला नाही. १९६५ साली भारतीय संगणक सोसायटीची स्थापना झाली, तिचे पहिले अध्यक्ष नरसिंहन झाले. १९६९ साली ट्रॉम्बे येथे टीडीसी-१२ हा संगणक भारतीय तंत्रज्ञांनीच घडविला. पुढे १९७५ साली नरसिंहन यांच्या पुढाकाराने मुंबईत संगणकाच्या आज्ञावलींचे संशोधन करणारे एक राष्ट्रीय केंद्र निघाले. टिफ्रॅक मोडीत निघाला, पण त्याने घडविलेली विद्या मोडीत निघाली नाही.

नवशिक्यांवरील भाभांची ही श्रद्धा केवळ संगणकापुरती नव्हती. भारतीय शास्त्रज्ञांनी आणि तंत्रज्ञांनी ट्रॉम्बे येथे अप्सरा नावाची अणुभट्टी बांधली, तिच्यासाठी लागणारे इंधन इंग्लंडमधून आले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ती सुरू झाली. त्या कामातही बहुतेक जण नवखेच होते. पुढच्याच वर्षी, १९५७ साली, भाभांनी ट्रॉम्बे येथे एक प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. विद्यापीठातून नुकतेच बाहेर पडलेले हुशार पदवीधर दर वर्षी निवडावयाचे, वर्षभर त्यांना शिकवावयाचे आणि मग त्यांच्यावर जबाबदारीची कामे सोपवावयाची, अशी तेथील पद्धती होती. अनुभवी माणसे मिळत नाहीत अशी तक्रार करीत न बसता, नवख्यांनाच अनुभवी करण्याची व्यवस्था भाभांनी उभी केली. पुढे भारताच्या अणुकार्यक्रमाची धुरा वाहणारे अनेक शास्त्रज्ञ याच विद्यालयातून तयार झाले.

एवढा व्याप सांभाळूनही भाभांच्या अंगची रसिकता कोमेजली नाही. ते चित्रे काढीत, संगीत ऐकत आणि संस्थेच्या आवारातील बागेकडे जातीने लक्ष देत. इमारतीच्या किंवा रस्त्याच्या आड येणारा वृक्ष तोडण्याऐवजी तो मुळांसकट उचलून दुसरीकडे लावण्याची व्यवस्था ते करवीत. जे वाढत आहे ते जपावे, मग ते रोप असो की विद्यार्थी, हा त्यांचा स्वभावच होता.

१९६३ साली भारत सरकारने इलेक्ट्रॉनिकी या विषयाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद भाभांकडे दिले. देशात संगणक आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे कशी वाढवावीत, याची दिशा त्या समितीने आखली. परंतु ते कार्य फळास आलेले पाहणे भाभांच्या नशिबी नव्हते. एका आंतरराष्ट्रीय बैठकीसाठी ते व्हिएन्नास निघाले असता, २४ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लां या शिखरावर कोसळले. विमानातील ११७ जणांपैकी कोणीही वाचले नाही. त्या वेळी भाभांचे वय अवघे ५६ वर्षांचे होते. तेराच दिवसांपूर्वी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना गमावलेला देश पुन्हा एकदा शोकात बुडाला. पुढील वर्षी ट्रॉम्बे येथील संस्थेस भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले.

कर्ता पुरुष गेला म्हणजे त्याचे कार्य थांबते, असा अनुभव पुष्कळदा येतो. भाभांच्या बाबतीत तसे झाले नाही. कारण त्यांनी सारे ज्ञान आणि सारे अधिकार आपल्याच मुठीत ठेवले नव्हते. आपल्यावाचून काम चालेल अशी माणसे त्यांनी जिवंतपणीच तयार केली होती. ज्यांना एके काळी काहीच येत नव्हते, तीच माणसे आता दुसऱ्यांना शिकवू लागली होती.

आज करमाळ्याच्या एखाद्या शाळेतील मुलगी संगणकापुढे प्रथमच बसते, तेव्हा तिच्या मनातील भीती खोटी नसते. पण तिच्यापुढील पायरी त्या पहिल्या तरुणांच्या पायरीइतकी उंच नाही. त्यांना यंत्र बांधून मग शिकावे लागले. तिला यंत्रातील कारभारी पावलोपावली साहाय्य करण्यास सिद्ध आहे. एखादी कळ चुकेल, एखादे पान नाहीसे होईल, एखादी गोष्ट दहा वेळा करूनही जमणार नाही. अशा वेळी तिने उठून जाऊ नये. काय केले आणि काय झाले, हे शांतपणे पाहावे आणि पुन्हा हात घालावा. आणि स्वतःला ते जमले म्हणजे शेजारी अडलेल्या मैत्रिणीला हसू नये. तिची चूक तिलाच शोधू द्यावी आणि ती शोधीपर्यंत तिच्याजवळ थांबावे. नवशिक्यांवर विश्वास टाकणाऱ्या त्या थोर शास्त्रज्ञाचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग कोणता?